वळिवड्याने शिकवलेला आश्रय

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात लग्न ठरले की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचे, ही पिढ्यांची रीत आहे. कोल्हापूरपासून काही किलोमीटरवर, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाजवळ ही कापडाची घाऊक पेठ आहे. साड्या, शर्टपीस, टॉवेल-टोप्या, आहेराची वस्त्रे गठ्ठ्यांनी बांधून लोक संध्याकाळी आपापल्या गावी परततात. या पेठेच्या जमिनीवर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. पोलिश गेले आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून उठून आलेली कुटुंबे उतरली. एकाच जागेने पाठोपाठ दोन उखडलेल्या समाजांना छप्पर दिले. आपल्याकडे त्या छावणीला वळिवडे कॅम्प म्हणत. पोलंडमध्ये ती आजही वळिवडे याच नावाने ओळखली जाते.

हे पुस्तक त्या छावणीबद्दल आहे, आणि त्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाबद्दलही. घरदार गमावून, सीमा ओलांडून जी माणसे आपल्या दारी येतात, त्यांना यजमान देशाने काय द्यायचे? अन्न, पांघरूण आणि औषध ही पहिली उत्तरे आहेत, आणि त्यांच्याबद्दल वाद नाही. वाद सुरू होतो तो दुसऱ्या महिन्यापासून. मुलांनी शाळेत जायचे का, कोणत्या भाषेत शिकायचे, मोठ्यांनी काम करायचे का, छावणीचा कारभार कोणी पाहायचा, उद्या इथून हाकलले जाणार नाही याची हमी कोण देणार? वळिवड्याने यांतल्या बऱ्याच प्रश्नांची चांगली उत्तरे दिली. एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याकडेही नव्हते, आणि स्वतंत्र भारताकडे ते अजून नाही.

आधी हे लोक कोल्हापूरला आले कसे, ते पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या आणि देश दोघांत वाटला गेला. पूर्वेकडच्या भागातून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ दरम्यान सोव्हिएत पोलिसांनी चार मोठ्या लाटांत लाखो माणसे उचलली. शेतकरी, जंगलखात्याचे नोकर, शिक्षक, सैनिकांच्या बायका, म्हातारे, तान्ही मुले, कोणीही सुटले नाही. रात्री दार ठोठावायचे, सामान बांधायला थोडा वेळ द्यायचा आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान, उत्तरेकडची जंगले अशा ठिकाणी नेऊन टाकायचे, ही पद्धत. तिथे लाकूडतोड, खाणी, सामूहिक शेते. भूक आणि टायफस.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत युनियनवरच हल्ला केला आणि राजकारण उलटले. लंडनमधले परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला. कैदेतल्या पोलिश नागरिकांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले. सुटलेली माणसे मिळेल त्या वाटेने दक्षिणेकडे, त्या सैन्याच्या छावण्यांकडे सरकू लागली. १९४२ मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला हलवण्यात आले, तेव्हा सैनिकांबरोबर हजारो स्त्रिया आणि मुलेही पहलवी बंदरावर उतरली. एकूण एक लाखाहून अधिक माणसे त्या वर्षी अशी बाहेर पडली. उतरल्यानंतरही आजाराने आणि उपासमारीच्या परिणामांनी अनेक जण इराणच्या भूमीतच गेले. जे वाचले त्यांना युद्ध संपेपर्यंत कुठे ठेवायचे, हा प्रश्न दोस्त राष्ट्रांसमोर होता. काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोला, काही न्यूझीलंडला. काही हजार जण जहाजाने कराचीला आणि तिथल्या तात्पुरत्या छावणीतून पुढे कोल्हापूर संस्थानात आले.

भारतातल्या पोलिश निर्वासितांचा विषय निघाला की नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे नाव प्रथम येते, आणि ते यावेच. १९४२ मध्ये त्यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला. त्यांतली बहुतेक अनाथ किंवा अर्धअनाथ होती. वॉर्सात आज त्यांच्या नावाचा चौक आहे. पण बालाचडी आणि वळिवडे या दोन वेगळ्या कथा आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. बालाचडी हे मुलांचे घर होते आणि त्यामागे एका राजाचा व्यक्तिगत पुढाकार होता. वळिवडे ही दीर्घ मुक्कामाची कुटुंबवसाहत होती. तिचा निर्णय ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने घेतला आणि खर्चाचा मुख्य भार लंडनच्या पोलिश सरकारने उचलला. जमीन मात्र कोल्हापूर संस्थानाची होती. राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते, गादीवर अज्ञान छत्रपती होते आणि कारभार राजप्रतिनिधींच्या हाती होता. मुंबईतले पोलिश महावाणिज्यदूत बानासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी भारतातल्या या सगळ्या मदतकार्यामागे आपली सारी शक्ती लावली.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतो आहे. अशा कथा सांगताना एक थोर राजा आणि त्याचे मोठे मन एवढेच उरते, आणि वाचकाला वाटते की पुन्हा असा राजा मिळाला तरच असा आश्रय मिळेल. वळिवडे उभे राहिले ते सरकार, संस्थान, परदेशी दूतावास, रेडक्रॉस आणि आजूबाजूची गावे यांनी आपापला वाटा उचलला म्हणून. शिवाय ते वर्ष १९४३ होते. बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत होती, छोडो भारतचे कार्यकर्ते तुरुंगात होते, आणि रेशन, साठेबाजी, टंचाई हे घरोघरचे शब्द झाले होते. पारतंत्र्यातल्या, उपाशी देशात हे लोक आले, आणि करवीरच्या आसपासच्या गावांनी त्यांना सांभाळून घेतले. त्या गावांच्या या वागण्याची नोंद इतिहासात व्हायला हवी.

आता छावणीच्या आत जाऊ, कारण या पुस्तकाचे खरे धन तिथे आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या त्या माळावर कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकी ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या आणि पुढे व्हरांडा होता. जुन्या छायाचित्रांत व्हरांड्यांपुढे बायकांनी लावलेली फुलझाडे आणि वेल दिसतात. सैबेरियात सामूहिक बराकीत फळीवर झोपलेल्या बाईला स्वतःची चूल आणि दाराला लावायची स्वतःची कडी मिळाली. मदतकार्याच्या अहवालात या गोष्टीला रकाना नसतो. पण भीतीने गोठलेले माणूस पुन्हा माणसांत येते ते इथूनच.

छावणीचा कारभार पोलिश माणसांच्याच हाती होता. प्रशासन, रुग्णालय, टपाल, चर्च, दुकाने, सुव्यवस्था, वाचनालय, नाट्यगृह, हे सगळे त्यांनी चालवले. शिवण-विणकामासारखे उद्योग सुरू झाले. मुलांसाठी बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत वर्ग होते आणि व्यवसायशिक्षणही होते. शिकवणे पोलिश भाषेत, पोलिश अभ्यासक्रमाप्रमाणे आणि पोलिश शिक्षकांकडून होई. दोन-तीन वर्षे ज्यांनी पाटी-पुस्तक पाहिलेच नव्हते अशा मुलांची वये आणि इयत्ता जुळेनात, पुस्तके अपुरी होती. तरीही शाळा एक दिवसही दुय्यम मानली गेली नाही. बालवीर चळवळ तर छावणीचा प्राण होती. तिची धुरा वाहणाऱ्यांत झ्दझिस्वाव पेश्कोव्स्की हा तरुण सैन्याधिकारी होता. सोव्हिएत कैदेतल्या ज्या पोलिश अधिकाऱ्यांची १९४० मध्ये कातिन इथे कत्तल झाली, त्यांच्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी तो एक. पुढे तो धर्मगुरू झाला आणि कातिनच्या मृतांना न्याय मिळावा यासाठी आयुष्यभर झटला. मृत्यूच्या तोंडातून परतलेला हा माणूस वळिवड्याच्या माळावर पोरांना तंबू ठोकायला आणि गाठी मारायला शिकवत होता.

कुंपणाच्या बाहेरही संबंध जुळले. छावणीला भाजी, दूध, अंडी पुरवणारे आसपासचे लोक होते. सौदा करता करता दुकानदार कामापुरते पोलिश बोलू लागले आणि पोलिश पोरे बाजारापुरते मराठी. कोल्हापुरात सिनेमा पाहणे, रंकाळ्यावर फिरणे हे त्यांच्या दिनक्रमात आले. प्रकृती खालावलेल्या मुलांसाठी पाचगणीत राहण्याची सोय झाली. काही मुलींनी इथल्या घरांत लग्न केले आणि त्या कायमच्या कोल्हापूरकर झाल्या. भारतात स्थायिक झालेल्या आणि गांधीजींच्या परिवारात उमादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वांडा दिनोव्स्का यांनी इथल्या तरुण मंडळींना भारताची ओळख व्हावी म्हणून काम केले. पुढे याच उमादेवींनी तिबेटी निर्वासित मुलांसाठी स्वतःला वाहून घेतले. एका छावणीत शिकलेले शहाणपण दुसऱ्या छावणीच्या कामी आले.

या सगळ्यातून निघणारा धडा साधा आहे. आलेल्या माणसाला आपले आयुष्य पुन्हा स्वतः चालवू दिले की तो लवकर सावरतो आणि यजमानावरचा भारही हलका होतो. त्याला निव्वळ रांगेत उभे केले की तो रांगेचाच होऊन राहतो. वळिवड्यातल्या बायकांनी स्वतःची शाळा, स्वतःचे चर्च, स्वतःची पंचायत चालवली. त्यामुळे १९४८ मध्ये त्या इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत शिकलेली मुले होती.

त्या बायकांचे नवरे, भाऊ आणि मुलगे त्या काळात अँडर्स यांच्या सैन्यातून इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोचा डोंगर पोलिश सैन्याने घेतला. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी सेनियो नदीवर दोस्तांनी चढाई केली, तेव्हा त्या आघाडीवर पोलिश कोअर होती आणि आठवी हिंदी डिव्हिजनही. त्याच दिवशी, त्याच नदीवर, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अहमदनगर जिल्ह्यातला एक शेतकऱ्याचा पोर आणि वळिवड्याच्या व्हरांड्यात पत्राची वाट पाहणाऱ्या बाईचा नवरा एकाच नदीकाठी लढत होते, हे ध्यानात घेतले की निर्वासितांना परके म्हणताना जीभ अडखळते.

आता वळिवड्याकडे ज्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, त्याकडे येतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची सीमा पश्चिमेला सरकवली. ज्या पूर्व भागातून ही माणसे उचलली गेली होती तो सोव्हिएत युनियनला मिळाला. म्हणजे युद्ध जिंकले, पण घर दुसऱ्याच देशात गेले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. ज्या सरकारच्या पैशावर छावणी चालत होती आणि ज्याच्या कागदावर ही माणसे नागरिक होती, ते सरकारच कायद्याच्या दृष्टीने उरले नाही. माणसे तीच, बराकी त्याच. पण त्यांचा वाली कोण, हे कोणालाच सांगता येईना.

त्या वेळी संयुक्त राष्ट्रांची मदत संस्था अन्रा आणि तिच्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना यांनी छावणीची जबाबदारी घेतली, म्हणून अनर्थ टळला. १९४७ मध्ये ब्रिटनने पोलिश पुनर्वसन कायदा केला आणि सैनिकांच्या कुटुंबांना तिथे वसण्याची वाट मोकळी झाली. काही जण पोलंडला परतले. बाकीचे जगभर पांगले. १९४८ च्या सुरुवातीला छावणी मोकळी झाली. जे इथेच गेले त्यांच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत, महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या ऋणाची खूण उभी आहे. कृतज्ञतेचे हे धागे मोलाचे आहेत. परंतु १९४५ चा धडा त्याहून मोठा आहे. चांगली छावणी, चांगले शेजारी, चांगला कारभार हे सगळे असूनही माणसाच्या हातात टिकाऊ हक्क नसेल, तर दूरच्या एका सहीने त्याच्या पायाखालची जमीन सरकते. १९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार याच अनुभवांतून जन्मला.

पोलिश गेले तशा बराकी सिंधी कुटुंबांनी भरल्या. शिकारपूर, सख्खर, हैदराबाद इथले व्यापारी, कारकून, शिक्षक सर्वस्व गमावून आले होते. असेच लोक कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तिथले लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच म्हणतात. या मंडळींचे दुःख पोलिशांहून कमी नव्हते आणि सोयी बहुधा कमीच होत्या. तरी एक मोठा फरक होता. भारताने त्यांना पहिल्या दिवसापासून आपले मानले आणि पुढे घटनेने त्यांना नागरिकत्व दिले. दुकान थाटायला, कर्ज मागायला, मुलाला शाळेत घालायला, मत द्यायला त्यांना कोणाची मेहेरबानी लागली नाही. फेरीवाल्याच्या गाठोड्यापासून सुरू झालेला व्यापार एका पिढीत घाऊक पेठ झाला, तो त्यांच्या कष्टांनी. पण त्या कष्टांना कायद्याचे पाठबळ होते. जागा तीच, बराकी त्याच. पहिला समाज पाच वर्षांनी पांगला आणि दुसऱ्याने तिथे गाव वसवले. हे दोन इतिहास शेजारी शेजारी ठेवणे हे या पुस्तकाचे मोठे काम आहे.

स्वतंत्र भारताने पुढे निर्वासितांसाठी जे केले त्याचा अभिमान वाटावा असेच बरेच आहे. ३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा सीमा ओलांडून आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी. त्या वेळी गंगटोकहून तिबेटच्या घडामोडींवर भारताच्या वतीने लक्ष ठेवणारे अधिकारी होते औंधचे अप्पासाहेब पंत. त्याच औंध संस्थानच्या १९३९ च्या लोकाभिमुख राज्यघटनेला हातभार लावणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन पुढे तिबेटींच्या पुनर्वसनासाठी झटले. म्हैसूर राज्याने बैलकुप्प्याला जमीन दिली, केंद्राने तिबेटी शाळांसाठी १९६१ मध्ये स्वतंत्र व्यवस्था उभारली. आपल्याकडे तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावच्या परिसरात १९७२ मध्ये नोरग्येलिंग वसाहत झाली. विदर्भातल्या रानात तिबेटी कुटुंबे भातशेती करू लागली, आणि हिवाळ्यात शहरोशहरी त्यांचे स्वेटरचे बाजार लागू लागले. जमीन, शाळा, स्वतःची संस्कृती आणि नोंदणीचा कागद, या चार गोष्टी तिबेटींना मिळाल्या म्हणून ती वसाहत टिकली.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली. त्या वर्षी नोव्हेंबरपासून देशभरातल्या पत्रांवर निर्वासितांसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लागत होते. पंढरपूरहून नाशिकला पाठवलेल्या खुशालीच्या पत्रातूनही पाच पैसे बंगालच्या छावण्यांकडे जात. इतक्या गरीब देशाने इतका मोठा लोंढा सांभाळल्याची उदाहरणे जगात फार नाहीत. १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळांना तमिळनाडूने छावण्या, शिधा आणि शाळा दिल्या. पण त्यांची मुले आणि नातवंडे इथे जन्मली, इथे शिकली, आणि तरीही त्यांतले अनेक जण अजून छावणीतच राहतात.

कारण सांगायला सोपे आहे. १९५१ च्या करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. जीव वाचवून आलेला माणूस आणि व्हिसा संपल्यावर राहिलेला पर्यटक यांच्यात आपला विदेशी नागरिकांविषयीचा कायदा मूळतः फरक करत नाही. १९४६ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, पण ही उणीव भरून निघाली नाही. जो तो गट सरकारच्या त्या त्या वेळच्या धोरणावर अवलंबून असतो. एका गटाला जमीन मिळते, दुसऱ्याला शिधा मिळतो, तिसऱ्याला फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे कार्ड मिळते. दिल्लीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अफगाण किंवा म्यानमारी बाईच्या हातातले ते कार्ड घरमालकाला पुरत नाही, बँकेला पुरत नाही, आणि आधार क्रमांक मिळवायला तर मुळीच पुरत नाही. शिकलेली असली तरी काम मिळते ते रोजंदारीचे, आणि मालकाने मजुरी बुडवली तर ती पोलिसांकडे जायला धजत नाही.

न्यायालयांनी वेळोवेळी हात दिला. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की घटनेच्या २१ व्या कलमातले जीविताचे संरक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला आहे. न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात नमुना कायद्याचा मसुदा तयार झाला. शशी थरूर यांनी लोकसभेत दोनदा खासगी विधेयक मांडले. कायदा मात्र झाला नाही.

कायदा नसताना काय होते ते मिझोरममध्ये दिसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन प्रांतातून हजारो माणसे मिझोरममध्ये आली. सीमा बंद ठेवा, असे केंद्राचे आदेश होते. मिझो लोकांनी आपल्या भाऊबंदांना परत पाठवायला नकार दिला. यंग मिझो असोसिएशन, चर्च आणि गावोगावच्या मंडळींनी निवारे बांधले, तांदूळ गोळा केला, राज्याने मुलांना सरकारी शाळांत घेतले. वळिवड्याच्या शेजाऱ्यांचेच हे आजचे रूप आहे. पण एक छोटे राज्य आणि त्यातले गावकरी एवढे ओझे एकट्याने किती काळ पेलणार? कायदा असता तर त्यांच्या माणुसकीमागे देशाची तिजोरी उभी राहिली असती.

जगाकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे बळजबरीने विस्थापित झालेली होती, आणि निर्वासितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश श्रीमंत देशांबाहेर, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. बांगलादेशाने कॉक्स बाजारला सुमारे दहा लाख रोहिंग्यांना आसरा दिला, हे त्या देशाचे मोठेपण आहे. पण तिथे त्यांना रीतसर काम करायला परवानगी नाही. म्हणून २०२३ मध्ये देणगीदारांचा पैसा आटला आणि माणशी दरमहा १२ डॉलरचा शिधा आधी १० आणि मग ८ डॉलरवर आला, तेव्हा त्यांच्याकडे दुसरा आधारच नव्हता. युगांडाने वेगळी वाट धरली. २००६ च्या कायद्याने तिथे निर्वासिताला काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क मिळाला, आणि वसाहतींत शेतीसाठी जमिनीचा तुकडाही दिला जातो. तिथल्याही अडचणी कमी नाहीत. जमीन अपुरी पडते, मदत तुटपुंजी असते. तरी भार पेलण्याची ताकद निर्वासितांच्या स्वतःच्या हातांत आहे, हे त्या देशाने ओळखले. वळिवड्यातल्या लोकांचे सोबती पोलिश १९४० च्या दशकात याच युगांडात मसिंदी आणि कोजा इथल्या छावण्यांत राहिले होते.

या पुस्तकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात दोन शंका येतील, आणि त्या टाळून पुढे जाणे योग्य नाही. पहिली, आपल्याच लोकांना पुरत नाही तिथे परक्यांना कुठून द्यायचे? याचे उत्तर १९४३ च्या कोल्हापूरने आणि १९७१ च्या देशाने कृतीने दिले आहे. शिवाय काम करू दिलेला निर्वासित आपले पोट आपण भरतो. काम नाकारलेला सरकारच्या गळ्यात पडतो किंवा लपून राबतो आणि इथल्या मजुराचीही मजुरी पाडतो. दुसरी शंका सुरक्षेची. ती खोटी नाही. पण ज्याची नोंद झाली, चौकशी झाली, ज्याच्याकडे ओळखपत्र आणि पत्ता आहे, तो माणूस सरकारला दिसतो. ज्याला नोंदणीचीच भीती वाटते तो दलालांच्या हाती सापडतो. नीट कायदा केला तर देशाची सुरक्षाही वाढते.

पुस्तकाचे तीन भाग याच क्रमाने आहेत. पहिला पोलिश छावणीचा, दुसरा सिंधी गावाचा, तिसरा भारतातल्या आजच्या आश्रितांचा. वाचकांनी पहिल्या भागापाशी थांबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परदेशी पाहुण्यांनी केलेले आपले कौतुक वाचून ऊर भरून येतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण पोलिश स्त्रियांच्या मुलांना आपण शाळा दिली याचा अभिमान बाळगणाऱ्याने आपल्या शहरातल्या अफगाण, चिन, रोहिंग्या मुलाच्या शाळेबद्दलही तितक्याच आस्थेने विचारायला हवे. वळिवड्याच्या स्मृतिस्तंभावर फुले वाहताना धर्म आणि कातडीचा रंग पाहून मन बदलले, तर तो वारसा आपण गमावला असे समजावे.

या पुस्तकाच्या संकलकांनी हे काम पदरमोड करून, कागदपत्रे धुंडाळून आणि वृद्धांपाशी बसून केले आहे. ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्यातले बरेच जण पुस्तक पाहायला उरणार नाहीत, म्हणून ते आज होणे गरजेचे होते. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी ते वर्गात न्यावे. वकिलांनी आणि लोकप्रतिनिधींनी त्याचा तिसरा भाग पुन्हा पुन्हा वाचावा.

मागणी मोठी नाही. जिवाच्या भीतीने आलेल्या कोणालाही त्याच संकटात परत ढकलायचे नाही. त्याचा अर्ज ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या पद्धतीने तपासायचा. तोवर त्याला ओळखपत्र, मुलांना शाळा, आजाऱ्याला दवाखाना आणि धडधाकट माणसाला काम करण्याची मुभा द्यायची. आणि जो वर्षानुवर्षे इथे राहिला, ज्याची मुले इथे जन्मली, त्याला कायमचे इथले होण्याची वाट द्यायची. यातली प्रत्येक गोष्ट या देशाने कधी ना कधी, कोणा ना कोणासाठी केलेली आहे. आता ती सर्वांसाठी, कायद्याने, करायची आहे. संसदेने असा कायदा करावा आणि त्यासाठी मराठी माणसाने आपला आवाज उठवावा. वळिवडे आपल्या मातीत घडले, म्हणून तो आवाज उठवण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांहून काकणभर जास्तच आहे.